जॅकमार: दिसतो वेडा राघू, निघतो तांबटाचा भाऊबंद

वेडा राघू आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. शेताच्या कडेने गेलेली विजेची तार, तिच्यावर चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवागार, लांब चोचीचा पक्षी. एकदम झेप घेतो, हवेत एक गिरकी मारतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. चोचीत मधमाशी असते. ती तो लगेच गिळत नाही. आधी तारेवर दोन्ही बाजूंनी आपटतो, मग तिचं मागचं टोक तारेवर घासतो. नांगीतलं विष असं निघून गेलं की मग गिळतो. हा सगळा कार्यक्रम दुर्बिणीतून पाहिला तर अर्ध्या मिनिटाचा असतो, पण एकदा पाहिला की माणूस त्या तारेखालून हलत नाही.

आता हेच चित्र उचलून कोस्टारिकाच्या पावसाळी जंगलात न्या. तारेच्या जागी ओढ्यावर वाकलेली वाळकी फांदी. पक्षीही हिरवाच, पण त्याच्या हिरव्यात तांब्या-सोन्याची झाक आहे. पोट विटकरी, चोच सुईसारखी लांब, काळी, आणि ती किंचित आकाशाकडे रोखलेली. अंग स्तब्ध, फक्त मान इकडून तिकडे फिरते. मग झेप, हवेत ‘टच्’ असा चोच मिटल्याचा आवाज, आणि पक्षी परत फांदीवर. शिकार आपटायची पद्धतही तीच. याचा फोटो आपल्याकडच्या कुठल्याही पक्षीप्रेमींच्या ग्रुपवर टाकला, तर पहिलं उत्तर ‘हा वेडा राघूच की, पण कुठल्या जातीचा?’ असंच येईल.

तो वेडा राघू नाही. त्याचा त्या कुळाशी जवळचा संबंधही नाही. त्याचं नाव जॅकमार. आणि पक्ष्यांच्या वंशावळीत त्याचा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक शोधायचा, तर तारेवर शोधून उपयोग नाही. भर उन्हाळ्यात सोसायटीतल्या उंबरावर बसून ‘टुक्, टुक्, टुक्’ करत डोकं उठवणारा तांबट पाहावा लागतो. सुतार पक्षीही त्याच गोतावळ्यातला.

हे कसं काय, हा या लेखाचा निम्मा भाग. उरलेला निम्मा आहे हा पक्षी काय खातो आणि काय खात नाही याबद्दल. कारण त्याच्या आवडीनिवडीने अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातल्या फुलपाखरांचे पंख अक्षरशः रंगवले आहेत.

आधी थोडी ओळख. जॅकमारांच्या १८ जाती आहेत आणि सगळ्या मेक्सिकोपासून दक्षिण ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या पट्ट्यात राहतात. जगात इतर कुठेही जॅकमार नाही. नाव ब्राझीलच्या तुपी भाषेतलं, फ्रेंचांच्या तोंडून फिरून आलेलं. वर ज्याचं वर्णन केलं तो तांबूस शेपटीचा जॅकमार सर्वांत जास्त पाहिला गेलेला आणि अभ्यासलेला. लांबी साधारण २५ सेंटिमीटर, त्यातले पाच सेंटिमीटर निव्वळ चोचीचे, आणि वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आपल्या चिमणीच्याच वजनाचा पक्षी, पण चोच आणि शेपूट धरून तिच्या दीडपटीहून लांब. सर्वांत मोठा जॅकमार ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. त्याची चोच जाड आणि जरा वाकडी असते, आणि तो उंच झाडांत राहत असल्यामुळे दिसतो कमी. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात चॉकलेटी रंगाचे, गुलाबी चोचीचे जॅकमारही आहेत. ते पाहिल्यावर हा पक्षी आहे की खंड्याचं खेळणं असा प्रश्न पडतो.

अंगावरची चमक मोराच्या पिसाऱ्यासारखीच समजा. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये रंगद्रव्याचे कण थराथरांत रचलेले असतात आणि प्रकाश त्या थरांवरून परतताना रंग तयार होतो. म्हणून कोन बदलला की हिरव्याचा सोनेरी होतो, सोनेरीचा तांबडा. सावलीत गेला की तोच पक्षी मळकट दिसतो. त्रिनिदादमध्ये या चमकेवरून आणि चोचीवरून लोकांनी त्याला हमिंगबर्डांचा राजा ठरवून टाकलं. ब्राझीलमध्ये त्याला आरिराम्बा म्हणतात, आणि तिथे बऱ्याच भागांत खंड्यालाही आरिराम्बाच म्हणतात.

खंड्याशी गल्लत करणारे फक्त गावकरी नव्हते. सगळ्या सजीवांना दोन शब्दी नावं देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनेयस याने १७५८ साली एका जॅकमारला नाव दिलं ते ‘अल्सेडो डिआ’. अल्सेडो म्हणजे खंड्या. त्याने अमेरिका कधी पाहिली नव्हती. त्याच्यापर्यंत पोचायचे ते वाळवलेले नमुने आणि दुसऱ्यांनी केलेली वर्णनं. लांब सरळ चोच, झगझगीत रंग; घातला खंड्यांच्या घरात. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

चूक कळते ती पायांपाशी. वेडा राघू, खंड्या, नीलकंठ यांच्या पायाची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं, आणि राघूची व खंड्याची पुढची बोटं काही अंतर एकमेकांना चिकटलेली असतात. जॅकमारची दोन बोटं पुढे, दोन मागे. सुताराची आणि तांबटाचीही तशीच. ब्राझीलच्या आग्नेय भागात एक जॅकमार असा आहे की त्याचं मागचं एक बोट नाहीसंच झालं आहे, तीनच उरली आहेत. पण उरलेल्यांची मांडणी पाहिली तर घराणं लपत नाही. पुढे हाडं, स्नायू आणि अलीकडे डीएनए तपासून हे नातं पक्कं झालं. जॅकमारांचे सख्खे भाऊ म्हणजे पफबर्ड नावाचे फुगीर डोक्याचे, मातकट पक्षी. हे दोघे मिळून सुतार, तांबट आणि टूकन यांच्या मोठ्या शाखेत बसतात. वेडा राघू पडतो खंड्या-नीलकंठांच्या शाखेत.

मग इतकं साम्य आलं कुठून? सोनाराच्या चिमट्याचं उदाहरण घ्या. कोल्हापूरचा सोनार आणि पेरूमधला सोनार एकमेकांना कधी भेटले नाहीत, एकाने दुसऱ्याचं पाहून काही केलं नाही, तरी दोघांच्या हातातला चिमटा बराचसा सारखाच. बारीक, नाजूक वस्तू बोट न लावता उचलायची तर हत्यार तसंच होणार. उत्क्रांतीत असंच घडतं. धंदा एक असेल तर लाखो पिढ्यांत आकारही एकमेकांकडे सरकत जातात, वंश कितीही वेगळे असोत. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. शार्क हा मासा आणि डॉल्फिन हा सस्तन प्राणी, तरी दोघांची अंगलट एक, हे शाळेतलं उदाहरण. जॅकमार आणि राघू ही जोडी मला त्याहून जास्त पटते, कारण इथे आकाराबरोबर वागणूकही जुळली आहे. बसायची पद्धत, झेप, आपटणं, मातीच्या दरडीत बीळ करून पांढरी अंडी घालणं, सगळं. हिलरी फ्राय या राघूंच्या अभ्यासकाने १९७० साली यावर खास टिपण लिहिलं, ते या जोडीबद्दलचं मूळ लेखन मानलं जातं.

दोघांचा धंदा म्हणजे हवेत उडणारे, नांगीचे किंवा मोठ्या पंखांचे कीटक पकडणं. माशी-डास गिळणाऱ्या पाकोळीची चोच इवलीशी आणि तोंड मात्र जाळ्यासारखं रुंद असतं. ती उडत उडत तोंड उघडते आणि गिळत जाते. मधमाशीबाबत हे चालणार नाही, ती जिभेवरच डंख मारेल. तिला चेहऱ्यापासून लांब धरायला हवं. फुलपाखराची अडचण वेगळी. त्याचे पंख अंगापेक्षा कितीतरी मोठे, आणि आखूड चोच मारली तर हातात येतो पंखाचा तुकडा. लांब चोच पंखांच्या मधून थेट धडापर्यंत पोचते, आणि पुढची फडफड डोळ्यांपासून दूर राहते. शिवाय लांब चिमट्याची टोकं झटकन मिटतात.

फरकही आहेत, आणि ते विसरून चालणार नाही. राघू उघड्या माळाचा गडी. लांब, टोकदार पंखांवर तरंगत जातो, थव्याने राहतो, संध्याकाळी एकाच झाडावर शेकड्यांनी जमतो. जॅकमार जंगलाच्या कडेचा, ओढ्याकाठचा, जोडीने राहणारा. त्याचे पंख आखूड आणि गोलसर. लांबचा पल्ला त्याला जमत नाही, पण झाडोऱ्यातल्या एवढ्याशा मोकळ्या जागेत उलटसुलट वळायला ते पंख उत्तम.

आता त्याच्या फांदीखाली चला. तिथे जमिनीवर पंख पडलेले असतात. निळे, केशरी, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, धड नसलेले. जॅकमार फुलपाखरू आणतो, धडाला धरून फांदीवर आपटतो, पंख गळून पडतात, धड पोटात जातं.

अ‍ॅमेझॉनमध्ये चार वर्षं काढलेल्या आल्फ्रेड वॉलेस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने हा कचरा नीट पाहिला होता. १८६७ साली त्याने लिहिलं की जॅकमार फुलपाखरं मारतात हे खाली पडलेल्या पंखांवरून कळतं. त्या पंखांत मोठ्या, वेगाने उडणाऱ्या फुलपाखरांचे पंख बरेच, पण हेलिकोनिड गटाच्या फुलपाखरांचा मात्र एकही नाही. आणि गंमत ही की हेलिकोनिड पकडायला सर्वांत सोपी. काळ्या, लांबट पंखांवर लाल-पिवळे ठळक पट्टे, आणि उडणं असं संथ की जणू कोणाची भीतीच नाही. जंगलात ती जागोजागी दिसतात. तरी फांदीखाली त्यांचे पंख नाहीत.

वॉलेसबरोबर १८४८ मध्ये बोटीतून उतरलेला हेन्री बेट्स तिथे अकरा वर्षं राहिला. त्याचंही निरीक्षण तेच होतं: ही संथ फुलपाखरं झुंडीने हिंडतात, पण पक्षी किंवा चतुर त्यांच्या मागे लागलेले दिसत नाहीत. त्याने तर्क केला, ती चवीला वाईट असणार. तर्क बरोबर होता. त्यातल्या हेलिकोनियस या मुख्य गटाच्या अळ्या कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवर वाढतात. आपण कुंपणावर हौसेने चढवतो तोच कृष्णकमळ. मुळात तो अमेरिकेचाच. या वेलींच्या पानांत अशी द्रव्यं असतात की पान चावलं गेलं की त्यातून सायनाइड सुटतं. अळी ते साठवते, आणि हेलिकोनियस फुलपाखरं तर ही द्रव्यं स्वतःच्या अंगातही तयार करतात. आपल्याकडे टॉनी कोस्टर नावाचं नारिंगी फुलपाखरू कृष्णकमळावर अंडी घालतं. ते याच उपकुळातलं, आणि तेही असंच निवांत, जमिनीलगत उडतं. चिमटीत धरलं तर अंगातून पिवळा द्रव सोडतं. कुंपणावर कृष्णकमळ असेल तर एकदा पाहा.

बेट्सला आणखी एक गोष्ट सापडली. हेलिकोनिड समजून जाळ्यात पकडलेली काही फुलपाखरं हातात घेतल्यावर भलत्याच कुळातली निघाली. त्यांचे बाकीचे नातेवाईक साधे पांढरे, चवीला चांगले. ही मात्र विषारी शेजाऱ्यांचा वेष घालून त्यांच्यातच मिसळलेली. भाऊसाहेबांचा तोतया आपल्याला ठाऊक आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवला आणि काही काळ लोकांनी मानलाही. बेट्सने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात फुलपाखरांमधली ही तोतयेगिरी मांडली आणि तिचं कारण डार्विनच्या नैसर्गिक निवडीत शोधलं. पक्षी ज्यांना ओळखतो ती खाल्ली जातात, ज्यांच्याबाबत फसतो ती उरतात. मग पिढ्यान्‌पिढ्या नक्कल अधिकाधिक हुबेहूब होत जाते. आपल्याकडे रुईच्या पानांवर वाढणारं, चवीला कडू असं प्लेन टायगर आणि त्याचा वेष घेणारी डॅनाइड एगफ्लायची मादी हे याच प्रकाराचं घरचं उदाहरण. नर काळा, पांढऱ्या टिकल्यांचा; मादी मात्र थेट प्लेन टायगर.

पण बेट्सला एक कोडं सुटलं नाही. दोन जाती, दोघीही कडू, दोघींनाही तोतयेगिरीची गरज नाही, तरी त्या एकमेकींसारख्या का दिसतात? याचं उत्तर दिलं फ्रिट्झ म्युलर या जर्मन माणसाने. तो १८५२ मध्ये ब्राझीलला गेला आणि तिथलाच झाला. १८७९ साली इंग्रजीत आलेल्या त्याच्या लेखात चक्क अंकगणित आहे. ते करून पाहू, कारण अवघड काहीच नाही.

समजा, पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पक्ष्यांना काय कडू आहे हे जन्मतः ठाऊक नाही. चाखूनच शिकायचं. एका भागातल्या सगळ्या अननुभवी पक्ष्यांना एका नक्षीचा धडा शिकायला मिळून १२०० फुलपाखरं मारावी लागतात. त्या भागात कडू फुलपाखरांच्या दोन जाती आहेत. एकीची संख्या २०००, दुसरीची १०,०००. दोघींची नक्षी वेगळी असेल तर पक्ष्यांना दोन धडे शिकावे लागतील. प्रत्येक जातीतली १२०० मरतील. पहिली जात निम्म्याहून जास्त संपली. नक्षी एकच असेल, तर धडा एकच आणि मरणारी एकूण १२००. ती संख्येच्या प्रमाणात वाटली जातील: पहिलीतली २००, दुसरीतली १०००. म्हणजे पहिल्या जातीची १००० वाचली, तिच्या एकूण संख्येच्या ५० टक्के. दुसरीची वाचली २००, म्हणजे २ टक्के. फायदा दोघींचा, पण लहानीचा पंचवीस पट जास्त. संख्येतला फरक पाचपट आणि फायद्यातला फरक पाचाचा वर्ग, हेही म्युलरने दाखवून ठेवलं आहे.

बेट्सची तोतयेगिरी असेल, तर म्युलरचा हा प्रकार गणवेशाचा. सगळ्यांनी एकच गणवेश घातला की पक्ष्याला तो एकदाच ओळखायला शिकावा लागतो. हेलिकोनियसच्या एराटो आणि मेलपोमेने या दोन जाती यात इतक्या पुढे गेल्या आहेत की एका भागात दोघींच्या पंखांवर लाल पट्टा, पलीकडच्या खोऱ्यात दोघींवर नारिंगी किरणं. प्रत्येकीची अशी विसाहून जास्त प्रादेशिक रूपं आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी दोघी बरोबरीने बदलतात.

हे सगळं कागदावर छान. खरा पक्षी खरंच असं वागतो का? हे तपासणं सोपं नव्हतं, कारण पक्ष्याने फुलपाखरू पकडताना पाहणं हा नशिबाचा भाग. १९८०च्या दशकात पेंग चाय या संशोधकाने कोस्टारिकाच्या कोर्कोवाडो राष्ट्रीय उद्यानात जॅकमारलाच परीक्षक म्हणून बसवलं. पक्षी मोठ्या पिंजऱ्यात ठेवायचे, जंगलातली फुलपाखरं एकेक करून आत सोडायची आणि टिपण करत राहायचं. निकाल तीनच: पाहून सोडलं, चाखून सोडलं, खाल्लं.

जॅकमार पक्का निघाला. डझनावारी जातींतला फरक तो उडत्या फुलपाखरावरून करत होता. हेलिकोनियस समोरून गेलं तर बहुधा मानही वळवायची नाही. चुकून धरलं तर चोचीत जरा दाबून पाहायचं आणि सोडून द्यायचं. कडू फुलपाखरांचं अंग चिवट असतं, त्यामुळे असं सुटलेलं फुलपाखरू पुष्कळदा तसंच उडून जातं. आणि चवदार फुलपाखरू दिसलं की झेप.

चायने पुढे रॉबर्ट स्रिग्ली यांच्याबरोबर १९९० मध्ये जे मांडलं ते मला या सगळ्यात सर्वांत आवडतं. जॅकमार ज्यांना खातो आणि ज्यांना खात नाही, त्या दोन गटांतल्या फुलपाखरांची शरीरंच वेगळी. खाण्याजोगी फुलपाखरं आखूड, जाड छातीची. छातीत उडण्याचे स्नायू असतात, त्यामुळे ती वेगाने आणि वेडीवाकडी उडतात, आणि उडताना त्यांचं अंगही जास्त तापलेलं असतं. कडू फुलपाखरं लांबट, सडपातळ, सरळ रेषेत आरामात जाणारी. जोरदार स्नायू फुकट मिळत नाहीत. दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की चवदार फुलपाखरांच्या वजनातला मोठा वाटा उडण्याच्या स्नायूंचा, आणि त्या मानाने पोट नि अंडाशय लहान. पळायची तयारी ठेवायची तर अंड्यांना जागा कमी. जी कडू आहेत त्यांना पळायचं नाही, त्यामुळे तो खर्च वाचला. फुलपाखराची नक्षीच नव्हे, त्याची छाती, पोट आणि चालसुद्धा एका पक्ष्याच्या चोचीशी हिशेब करून ठरलेली आहे.

मार्कर पेनचा प्रयोग याहून साधा. गॅरी लँगहॅम यांनी व्हेनेझुएलात हेलिकोनियसच्या पंखांवर मार्करने रंग फिरवून त्यांची नक्षी बदलली आणि ती जॅकमारांपुढे सोडली. तुलनेला मूळ नक्षीचीही सोडली. चव, उडणं, सगळं तेच, फक्त गणवेश बदललेला. २००४ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की बदललेल्या नक्षीवर जॅकमारांनी जास्त हल्ले केले. म्हणजे पक्ष्याच्या डोक्यात ‘विचित्र रंग म्हणजे धोका’ असा सरसकट नियम नाही. आपल्या जंगलातली नक्षी त्याने पाठ केली आहे, आणि त्याबाहेरचं जे काही येईल ते तो चाखून बघणार. नवी नक्षी घेऊन जन्मलेल्या फुलपाखराचं हे असं होतं. त्यामुळे नवी नक्षी रुजत नाही आणि जुना गणवेश टिकून राहतो. पेरूमध्ये तर त्याआधीच, १९८९ साली, एका खोऱ्यातली एराटो पलीकडच्या खोऱ्यात नेऊन सोडल्याचा प्रयोग छापून आला होता. परक्या वेषातली ती फुलपाखरं स्थानिकांपेक्षा कमी टिकली.

इथे एक शंका येते. सगळं चाखूनच शिकायचं असेल, तर ज्या गोष्टी चाखल्यावर पक्षीच उरत नाही त्यांचं काय? याचं उत्तर त्याच जंगलातल्या दुसऱ्या रंगीत पक्ष्याकडे आहे.

मोटमोट हा निळा-हिरवा, शेपटीची दोन पिसं लांब आणि त्यांच्या टोकाला टेबलटेनिसच्या बॅटीसारखी गोल पानं असलेला पक्षी. भुंगे, रातकिडे, सरडे, लहान साप असं बरंच काही खातो. एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या दोन्ही देशांनी फिरोजी भुवईच्या मोटमोटला राष्ट्रीय पक्षी केलं आहे. हा खरोखरच राघू-खंड्याच्या शाखेतला. म्हणजे अमेरिकेत राघूचा खरा भाऊबंद आहे, पण तो राघूसारखा दिसत नाही. राघूसारखा दिसतो तो भलत्याच शाखेतला जॅकमार. शिकारी प्राणी जवळ आला की मोटमोट ती शेपूट घड्याळाच्या लंबकासारखी हलवतो. मेक्सिकोतल्या अभ्यासावरून हा शिकाऱ्याला दिलेला निरोप वाटतो: तुला पाहिलंय, आता झडप घालून उपयोग नाही.

त्या जंगलात कोरल स्नेक राहतो. आपल्या नाग-मण्यारांच्याच कुळातला, लाल-पिवळ्या-काळ्या कड्यांचा, जहरी. सुसान स्मिथ यांनी कोस्टारिकात मोटमोटची पिल्लं हाताने वाढवली. त्या पिल्लांनी साप कधी पाहिलाच नव्हता. मग त्यांच्यापुढे लाकडी दांड्या ठेवल्या, वेगवेगळ्या रंगवलेल्या. हिरवी-निळी कडी असलेल्या दांडीवर पिल्लांनी बिनधास्त चोची मारल्या. लाल-पिवळे पट्टे उभे, दांडीच्या लांबीने रंगवले तरी चोची मारल्या. पण लाल-पिवळी कडी दिसताच पिल्लं पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ओरडायला लागली. १९७५ साली हे प्रसिद्ध झालं. कडू फुलपाखरू चाखलं तर तोंड वाईट होतं आणि धडा मिळतो. कोरल स्नेक चाखून धडा मिळत नाही. ज्या मोटमोटांना ती भीती उपजत होती, त्यांचीच पिल्लं आज त्या जंगलात आहेत.

याच परिसरातल्या बाकी मंडळींपैकी टोडी म्हणजे कॅरिबियन बेटांवरचे हिरवे, लाल गळ्याचे, अंगठ्याएवढे पक्षी. पाच जाती, वजन सहा-सात ग्रॅम, मोटमोटांचे नातलग. आणि जॅकमारांचे सख्खे भाऊ पफबर्ड तासन्‌तास हलत नाहीत. त्यातल्या एकाला ब्राझीलमध्ये ‘जुआँव बोबो’ म्हणतात, म्हणजे खुळा जुआँव. आपल्या राघूला आपण वेडा म्हणतो, त्यांच्या पक्ष्याला त्यांनी खुळा ठरवलं. एका जागी बसून राहणाऱ्याबद्दल माणसांचं मत सगळीकडे सारखंच दिसतं.

जॅकमारचं घर म्हणजे ओढ्याच्या दरडीत, कधी पडलेल्या झाडाच्या मुळांना चिकटलेल्या मातीत, तर कधी वाळवीच्या वारुळात खणलेलं बीळ. चोचीने उकरायचं आणि पायांनी माती मागे लोटायची. नर-मादी दोघंही उबवतात, सुमारे तीन आठवडे. सुतार-तांबटांची पिल्लं उघडीबोडकी जन्मतात. जॅकमारची मात्र अंगावर पांढरी लव घेऊनच येतात, आणि बिळातूनच मोठ्यांसारखे सूर काढायला लागतात.

अशी दरड जंगलात रोज नवी मिळत नाही. ब्राझीलचं अटलांटिक किनाऱ्यालगतचं जंगल कॉफीसाठी, उसासाठी, गुरांसाठी इतकं तुटलं की वर सांगितलेला तीन बोटांचा जॅकमार तुकड्या-तुकड्यांत उरला आहे. त्याला काही ठिकाणी रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीच्या उभ्या बाजू सापडल्या आहेत. जेसीबीने कापलेल्या लाल मातीच्या त्या भिंतीत मनगटाएवढी भोकं दिसतात, समोरच्या तारेवर किंवा काटकीवर काळपट हिरवा पक्षी चोच वर करून बसलेला असतो, आणि खाली रस्त्याच्या कडेला फुलपाखरांचे पंख.